अध्यक्षांचं भाषण

दादरला एका जिन्याखाली जुन्या कॅमेऱ्यांतलं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एकजण बसतो. टेप मशीनमध्ये घातली की तो सगळं स्वतः बघतो आणि भाषणं न विचारता कापतो. "काका, माणसं ठेवतो, अध्यक्ष उडवतो," म्हणतो.

आई गेल्यावर मी आमच्या लालबागच्या चाळीतल्या गणपतीची टेप त्याला दिली. "आई कुठे दिसते का बघ," म्हटलं.

टेपभर आई नव्हतीच. ती आत मोदक वळत असणार. शेवटी कुणीतरी लेन्सवर झाकण लावलं होतं, पण कॅमेरा बंद करायचा राहिला होता. त्या काळोखात आईचा आवाज आला, "संपलं का रे त्यांचं भाषण? पानं वाढायला घेते."

"आई विचारतायत म्हणून अध्यक्ष परत जोडले, काका," तो म्हणाला. "अख्खे."