पातेल्याच्या तळाचं कालवण

मामी कधी ताटात जेवायची नाही. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपुढं बसून पातेल्यातच भाकरी कुस्करायची. मामा, दीर, पोरं, गडी अशा पंगतींसाठी चार-चार वेळा तापून आटलेलं ते कालवण मी एकदा चाखलं होतं. नुसता खार! ती मात्र बोटानं पातेलं निपटून म्हणायची, "टाकायचं कशापायी? माझं भागतंय की."

सत्तरच्या दशकात कॉलेजसाठी मी उचगावला मामांकडं राहायचे. भाची म्हणून मान पहिल्या पंगतीचा, वर मामीच्या हातचं सायीचं दही.

जेवून झालं की ती मिशरी लावत बसायची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास अजून नाकात आहे. "डोस्कं ठणकतंय गं, ह्यानं हलकं वाटतंय," म्हणायची. शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मग बाळंतपणांत पाय सुजले होते का, आई कशानं गेली, हे विचारलं. "पाय सुजलंतं की. आन् आईच्या अंगावरनं वारं गेलं," मामी म्हणाली. गोळ्या घ्या, मिशरी बंद करा आणि मीठ अगदी कमी, नाहीतर तुमचीही तीच गत होईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर हे ऐकून मामा खदाखदा हसले. "बायकांस्नी कसलं ब्लडप्रेशर? ते सायबांचं दुखणं!"

मिशरी तिनं आठवड्यात सोडली. मिठाचा उपाय त्याहून सोपा होता. मीठ घालायच्या आधी तिच्यापुरतं काढून ठेवायचं, एवढंच.

"धन्याच्या आदी माझं काडू व्हय?" तिनं कानाला हात लावले.

एका दुपारी मीच डाव बुडवून वाटीभर काढलं. मामांनी ते पाहिलं आणि ताट सारलं. "माझ्या आदी बाईसाठी डाव बुडतोय ह्या घरात?" मामीनं माझ्या हातातली वाटी पातेल्यात ओतली, मीठ टाकलं आणि त्यांच्या विनवण्या केल्या. ते जेवले. त्याच पंगतीला बसून मीही मुकाट जेवले. तेव्हा मामांची किळस आली होती, आता माझीही येते.

दिवाळीच्या तोंडावर ती चुलीपुढंच कोसळली. एक अंग लुळं पडलं, वाचा गेली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला चुलीवर कालवण रटरटत होतं. बाहेरच्या सोप्यातनं डोळे पुसत मामा ओरडले, "आदी तिचं पान वाढा! तिच्या आदी कुणी डाव बुडवायचा न्हाय!"

मग जरा थांबून म्हणाले, "आन् मिठाचं तेवढं बगा. तिला अळणी चालायचं न्हाय."