दुपारी लावलेली कडी

धुळ्यातल्या आमच्या गल्लीत दिवसा आतून कडी लावायची पद्धतच नव्हती. पडदा सोडला की झालं. म्हणून रशियाहून सुट्टीला आलेल्या माझ्या लेकीनं जेवणं उरकल्यावर आतल्या खोलीची कडी लावली, तेव्हा मी खरकटी ताटं हातात घेऊन त्या दाराकडे बघतच राहिले बघा.

ती तिकडे डॉक्टरकी शिकत होती, सरकारी स्कॉलरशिपवर. गेली तेव्हा पाहुण्यांना पाणी द्यायला आली तरी नजर पायाच्या अंगठ्यावर. आली ती हाडकुळी होऊन, आणि गप्प. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं आई."

मी आणि शेजारच्या अक्का अंगणात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घालत होतो. आतून आवाज आला. लेकीचाच, पण भाषा आपली नव्हे. ती बोलायची, थांबायची, जणू समोरून कोणी उत्तर देतंय. मग पुन्हा तेच, चढ्या आवाजात. मध्येच हुंदका. आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

अक्कांचा हात थांबला. "वं माय, तुनी पोर कोनासंगे बोली ऱ्हायनी?"

"पाठ करत असेल."

"पाठ करताना कोनी रडस का? तिले काहीतरी लागेल शे. मी अंगारा देस, लाई दे."

आता आमचं घर दीक्षा घेतलेलं. सासऱ्यांनी देव्हारा काढला तेव्हापासून अंगारा-धुपारा बंद. भूतबीत काही नसतं, असं विहारात बायकांना मीच सांगायची. पण भीती काय धर्म विचारून येते? यांना सांगावं, तर हे म्हणणार, "तू पण?" म्हणून कोणाला बोलले नाही. रोज दुपारी दाराला कान लावून उभी राहायची. परक्या मुलखात पोरीच्या डोक्यावर काही परिणाम झाला असला तर? शिक्षण गेलं चुलीत, माझी पोर मला परत मिळेल ना?

एक दिवस आत काहीतरी दाणकन आपटलं. मग मात्र मी दारावर धडकाच दिल्या.

तिनं दार उघडलं. डोळे लाल. एक खुर्ची आडवी पडलेली. दुसरीवर उशी उभी, आणि उशीवर हिच्या वडिलांचा जुना चष्मा! टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या पालथ्या.

"हे कोण?" मी उशीकडे बोट दाखवलं.

"सर आहेत," ती म्हणाली, माझं तोंड बघून हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

"तिकडे परीक्षा तोंडी असते आई. चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा प्रश्न वाचायचा आणि सरांच्या डोळ्यांत बघून बोलायचं. मला सगळं येत होतं गं. पण मान वर होईना, आवाज निघेना. त्यांना वाटलं, अभ्यासच केला नाही. नापास केलं. आता गेले की पुन्हा बसायचंय. तेव्हाही नाही जमलं, तर कायमची घरी." खुर्ची तिनंच रागानं ढकलली होती.

भुताची भीती गेली आणि त्या जागी ही येऊन बसली. ही तर खरीच होती, हिला अंगाराही नाही.

"उशी काय डोंबल ऐकणार? सरक, मी बसते." मी पोरांच्या पाटीवरून अक्षरं शिकलेली बाई, चष्मा लावून प्रोफेसर झाले! तिनं चिठ्ठी उचलली आणि माझ्या डोळ्यांत बघून बोलायला लागली. शब्द एक कळला नाही, पण ती कुठे अडखळते ते बरोबर कळायचं. पण खरं सांगू? इतका वेळ असं सरळ माझ्याकडे आजवर कोणी बघितलंच नव्हतं. मलाच सोसेना, माझीच मान खाली गेली.

"आई, खाली नाही बघायचं. सर बघत नाहीत."

मग रोज दुपारी आमची परीक्षा. अक्कांनाही बसवलं. त्या मध्येच म्हणायच्या, "हाऊ मास्तर आते च्या पिस!" आणि चहा मागायच्या.

ती निघाली तेव्हा मुंबईच्या गाडीत बसवायला चाळीसगाव स्टेशनापर्यंत गेलो. गाडी हलली आणि मी मान खाली घातली, रडू दिसू नये म्हणून. खिडकीतून तिचा आवाज आला, "आई, वर बघ!"

वर बघितलं मी. तिचे ओठ थरथरत होते, पण नजर हलली नाही.