पास झालेली गाडी

लढाईच्या वर्षांत वाशिमात मोटार दुरुस्त करणारा मी एकटाच होतो. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या रस्त्याला माझी टिनाची शेड होती आणि शेडमध्ये गाडीच्या पोटाखाली उतरायला खणलेला खड्डा. गावात मोटारी थोड्याच, पण मोटारीबद्दल काहीही विचारायचं असलं की लोक माझ्याकडे येत. जुनी गाडी घेतली तर नंबर तोच राहतो का? बाप वारला, गाडी त्याच्या नावावर आहे, आता पोरानं चालवली तर पोलीस धरेल का? पेट्रोलचं कूपन कोणाच्या नावानं निघतं? मला ठाऊक असेल ते मी सांगायचो, नसेल ते अकोल्याच्या ऑफिसात विचारून यायचो. मला चार अक्षरं वाचता येत होती, म्हणून लोक मला नुसत्या मिस्त्रीपेक्षा थोडा वरचा समजत. मीही समजत होतो.

कापसाच्या व्यापारातले एक जैन शेठ होते. लढाईच्या आधी त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून मोटार घेतली होती. गाडी चांगली होती. ती चालवायला त्यांनी मंगरूळपीरकडचा एक माणूस ठेवला होता. तो शेतकऱ्याच्या घरचा, तिशीतला, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. आमची दोस्ती जमली ती त्याच्या सवयीमुळे. इतर ड्रायव्हर गाडी माझ्या दारात सोडून चहाला जात. हा मात्र खड्ड्यात माझ्या शेजारी उतरायचा आणि विचारत राहायचा. हा दांडा काहून वाकला? हे ग्रीस इथंच का लावून राह्यला? दुपारी गाडीच्या पायदानावर बसून भाकर खायचा आणि अर्धी मला द्यायचा. त्याच्या भाकरीत मीठ फार असे. मी बोललो की म्हणायचा, "बायकोले सांगतो." पण सांगत नसे. तिच्या हातचं त्याला तसंच आवडत होतं.

लढाई वाढली तसं घरगुती गाड्यांचं पेट्रोल जवळजवळ बंद झालं. भाड्याच्या गाडीला मात्र थोडं जास्त मिळे. शेठनी मला बोलावून विचारलं, "मिस्त्री, आपली गाडी भाड्यात घालता येईल काय?"

"येईल शेठजी. पण अकोल्याले नेऊन पास करावी लागते. साहेब ब्रेक पाहते, लाइट पाहते, मंग कागद देते."

"मंग कर नं पास. त्याच्यात काय!"

अडचण ब्रेकचीच होती. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो. त्याला आतून दाबणाऱ्या दोन बुटांवर अस्तर ठोकलेलं असतं, आणि ते घासून गाडी थांबते. शेठच्या गाडीचं अस्तर झिजून बुटाचं लोखंड ड्रमला लागत होतं. मुंबईच्या दुकानाला दोन पत्रं टाकली. नागपूरला एका ओळखीच्या माणसाला विचारलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, माल नाही, असेल तो लष्कराकडे जातो.

जिनात यंत्रं फिरवायला कापडाचा जाड, रबर पाजलेला पट्टा असतो. जुना झाला की फेकून देतात. मी त्याचे तुकडे कापले, बुटाच्या आकाराचे घासले आणि तांब्याच्या रिबेटांनी बसवले. सपाट रस्त्यावर गाडी नव्यासारखी थांबली. हात काळे झालेले होते आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे मी लपवणार नाही.

गाडी पास करायला आम्ही दोघं निघालो. मालेगावपर्यंत काही वाटलं नाही. मेडशी सोडली आणि पातूरकडचा उतार लागला. ड्रायव्हरनं दोन वळणं ब्रेकवर घेतली आणि चाकांतून जळल्या कापडाचा वास आला. तिसऱ्या वळणाला त्यानं पाय दाबला तर पाय खालपर्यंत गेला आणि गाडी तशीच चालत राहिली. त्यानं झटकन गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला लावली.

आम्ही अर्धा तास तिथं बसलो. अस्तर थंड झालं तसे ब्रेक पुन्हा लागू लागले.

तो म्हणाला, "मिस्त्री, हे काही खरं नाई."

मी म्हणालो, "पट्टा तापला की घसरते. उतारावर पयल्या गिअरमधीच राह्यचं. गाडीत चारच्या वर मानसं घ्यायची नाईत. खरं अस्तर आलं की मी बदलून देतो."

"आन् साहेबाले काय सांगाचं?"

"साहेब विचारन तवा पाहू."

अकोल्याला साहेबानं ऑफिससमोरच्या सपाट मैदानात गाडी चालवायला लावली. हात वर करून थांब म्हटलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. मग मला विचारलं, "अस्तर नवीन आहे?"

"हो साहेब. आत्ताच बसवलं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. काय बसवलं हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानं कागदावर सही केली. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता. 

त्या कागदानं सगळंच बदललं. मी शेठना उताराची गोष्ट सांगितली, चार माणसांचीही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू मिस्त्री हायस. तो साहेब हाय. त्यानं पास केली नं?" शेठ वाईट माणूस नव्हते. सही झाली की गोष्ट खरी होते, असं त्यांना मनापासून वाटे. गाडी अकोल्याच्या फेऱ्या मारू लागली. चाराचे पाच झाले, पाचाचे सहा. ड्रायव्हर आठ-पंधरा दिवसांनी यायचा, मी ड्रम उघडून पट्ट्याचा काळा थर खरवडायचो. शेवटचा आला तेव्हा म्हणाला, "आता सपाटीवरही उशिरानं थांबून राह्यली." मी पाहिलं. पट्टा रिबेटांपाशी चिरला होता. जिनातही तेव्हा जुना पट्टा शिल्लक नव्हता.

मी म्हणालो, "मी नागपूरले पुन्हा लिहितो. तवरोक सांभाळून चालव."

मी "चालवू नको" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात शेठच्या नात्यातली सहा माणसं अकोल्याला आगगाडी पकडायला निघाली. निघायलाच उशीर झाला होता. मेडशीच्या पुढं उतार लागल्यावर ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला असणार. मागं बसलेल्यांनी आगगाडी चुकेल म्हणून घाई लावली, हे त्यातल्याच एका म्हाताऱ्यानं मला नंतर सांगितलं. मग त्यानं दुसरा टाकला. तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक गेले. एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला डोंगराचा कापलेला दगड. त्यानं गाडी दगडावर घातली. सहाही माणसं वाचली. कुणाचा हात मोडला, एका बाईच्या कपाळाला मोठी खोक पडली. स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या छातीत शिरला. पातूरच्या दवाखान्यापर्यंतही तो पोचला नाही.

मोडकी गाडी बैलांनी ओढत दोन दिवसांनी माझ्या शेडमध्ये आणली. दुसरीकडे नेणार कुठं? शेठ सोबत आले होते. चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "फौजदार उद्या येनार हाय. गाडीत काही दोष होता काय, हे तुलेच विचारनार." मग म्हणाले, "पट्टा तूच लावला होता, मिस्त्री. मी काही बोलनार नाई. पन तू तुयं पाह्य."

ते गेल्यावर मी चाक काढलं, ड्रम उघडला. पट्ट्याचा कोळसा झाला होता. बोट लावलं की चुरा पडत होता. मी छिन्नी घेतली, चारही चाकांतलं जळकं कापड ठोकून काढलं आणि शेगडीत टाकलं. मग बुटांवर जुन्या, झिजलेल्या खऱ्या अस्तराचे तुकडे ठोकले. ते माझ्याकडे भंगारात पडले होते. भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना मी हे केलं. कुणी विचारलंही नाही. मिस्त्री चाक उघडून बसलाय, त्यात पाहण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी फौजदारानं विचारलं, "ब्रेक होते?"

"होते साहेब. झिजले होते, पण होते."

त्यानं लिहून घेतलं. मी खाली सही केली. माझी सही चांगली येते. ड्रायव्हरच्या बेफिकिरीनं अपघात झाला, असं शेवटी ठरलं. गावात तर त्याच्याही पुढचं बोलू लागले. प्यायला होता म्हणे. तो विडीसुद्धा ओढत नव्हता. माझ्यासमोर लोक असं बोलले तेव्हा मी पाना शोधत राहिलो.

तीन महिन्यांनी त्याची बायको शेडच्या दारात उभी राहिली. सोबत तिचा सासरा होता, काठी टेकत आलेला. मला वाटलं, काहीतरी मागायला आली. तिनं मागितलं ते असं, "मिस्त्रीभाऊ, त्यायचं लायसन कुठी हाय? त्याच्यावर त्यायचा फोटो व्हता. आमच्या घरी दुसरा फोटो नाई. पोरगी सालभराची हाय. तिले बाप कसा दिसे ते कसं दाखवू?"

मोटारीचे कागद कुठून कुठे जातात हे गावात मलाच ठाऊक, म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी म्हणालो, "आनून देतो, वयनी."

लायसन वाशिमच्या ठाण्यातून अकोल्याला गेलं होतं. मी चार चकरा मारल्या. एका बाबूनं दुसऱ्याकडे धाडलं, दुसरा रजेवर होता. चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्या कारकुनानं कपाटातून लायसनचं पुस्तक काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते माझ्या हातात ठेवलं. मी बाहेर येऊन उघडलं. फोटोवर, कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरपा, जांभळ्या शाईचा शिक्का मारला होता. रद्द.

मी ते तिच्या सासरच्या गावी घेऊन गेलो. मंगरूळपीरला उतरून दोन कोस चाललो. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. घरात सासरा खाटेवर बसला होता. तिनं हात पदराला पुसून पुस्तक घेतलं, उजेडाकडे धरलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग बोट शिक्क्यावर ठेवून विचारलं, "हे काय लिह्यलं यायच्या तोंडावर?"

मी सांगितलं.

"म्हंजे काय?"

"म्हंजे... आता चालत नाई."

"काहून? त्यायनं काय केलं व्हतं?"

आणि मग मी सगळं बोललो. पट्टा, उतार, साहेब, शेगडी, सही. उभ्याउभ्याच बोललो, कारण मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. शेवटी म्हणालो, "त्याची चूक नव्हती. त्यानं गाडी दगडावर घातली म्हनून सहा जन वाचले."

ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "लोकं म्हनत दारू पेला व्हता. मी पन एक दिवस मनात म्हटलं, पेला असन. तुमी मले त्यायच्याबद्दल असं म्हनाले लावलं." मग लायसन घेऊन ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

सासऱ्यानं काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "इथं सांगून काय उपेग? जिथं लिवून देल्लं तिथं जाऊन सांग."

मी गेलो. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन फौजदारापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, माझा जबाब खोटा आहे. त्यानं हातातलं काम थांबवून ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो पट्टा कुठं आहे?"

"जाळला."

"मग मी काय लिहू? मिस्त्रीला स्वप्न पडलं असं लिहू?" तो चिडला नव्हता, कंटाळला होता. "कागद वर गेले. प्रकरण बंद झालं. तुला तुरुंगात जायची हौस आहे का? घरी जा."

मी घरी आलो. खरं सांगायचं तर ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज मला अजून आहे.

मी ठाण्यात जाऊन आलो हे शेठच्या कानावर गेलं. त्यांनी मोडकी गाडी माझ्या शेडमधून उचलून नेली आणि पुढं कुणाला तरी विकली. त्यांच्याकडचं काम बंद झालं, त्यांच्या ओळखीतल्यांचंही. बाजारात समोरून आले तर शेठ मान खाली घालून जात. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

ड्रायव्हरच्या गावचा एक माणूस मला पुढे कधीतरी मंगरूळपीरच्या बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, त्याचा म्हातारा बाप वारला, पण मरायच्या आधी पारावर बसून त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती उताराची गोष्ट सांगितली. आपला पोरगा प्यायला नव्हता, मिस्त्री स्वतः येऊन सांगून गेला, असं. आता गावात कुणी त्या पोराला दारुडा म्हणत नाही. बायको सासरीच राहते, रोजानं शेतात निंदायला जाते.

"अन् मले?" मी विचारलं. "मले काय म्हन्ते वयनी?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमचं नाव काढत नाई बाप्पा ते," तो म्हणाला आणि तुरीच्या भावाबद्दल बोलू लागला.