लाल रेघेच्या अलीकडे

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर व्हर्ना क्रॅबट्रीचा शब्द चालतो, मालकाचा नाही. मालक अधूनमधून येतो, भिंतीवरचं हरणाचं मुंडकं पुसतो आणि जातो. व्हर्ना आधी शाळेची बस चालवायची, जन्म त्यातच गेला. अख्ख्या गावाची पोरं तिने ने-आण केली, त्यामुळे चाळिशीचा शेरीफसुद्धा च्युइंगगम थुंकून मग आत येतो. "दंगा करणाऱ्या पोराला मी कधी भ्यायले नाही," ती म्हणते. "शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्याकडे मात्र आरशातून बघत राहावं लागतं."

ती काचेमागे माइक घेऊन बसते, मी शेजारी गल्ल्यावर. काचेपलीकडे नेमबाजांच्या लेन आणि त्यांच्या मागे जमिनीवर एक लाल रेघ. "गोळीबार बंद!" असं कुणीही, अगदी आज पहिल्यांदा आलेला माणूस ओरडला, तरी हातातली बंदूक तिथेच ठेवायची आणि रेघेमागे यायचं. का, कशाला, ते नंतर. इथल्या माणसांच्या अंगात हे लहानपणापासून भिनलेलं असतं. बायकोचं न ऐकणारेही हे ऐकतात.

दुसरा नियम व्हर्नाचा स्वतःचा. एकट्या आलेल्याला भाड्याने बंदूक द्यायची नाही. स्वतःची आणा, नाहीतर सोबत कुणी आणा. तीन नंबरच्या लेनमध्ये आता आम्ही बादल्या आणि झाडू ठेवतो. तिथे एकटाच आलेला एक तरुण घरी परत गेला नाही, आणि त्याला बंदूक व्हर्नानेच दिली होती. दुधाने तोंड पोळलं म्हणून ती ताकही फुंकून पिते. त्यावरून तिची थट्टा करण्याची माझी हिंमत नाही.

मार्चमध्ये एके सकाळी वेंडेल हॉस्किन्स आला. विजेच्या खांबांवर चढण्यात आयुष्य काढलेला, शाळेत व्हर्नाच्या वर्गातला. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी त्याची बायको वारली, तेव्हापासून तो गावात दिसलाच नव्हता. सोबत शेजारी गॅरी प्रुइट होता, ज्याचं तोंड झोपेतही बंद राहत नसावं. वेंडेल घराबाहेर पडला, तोही सोबतीने, याचं मला बरं वाटलं.

"दोन छोट्या बंदुका ताडून बघायच्यात," वेंडेल म्हणाला. "खिशात मावतील अशा. कुठली घ्यावी कळत नाही."

व्हर्नाने एक चपटं नऊ एमेमचं पिस्तूल काढलं आणि एक बुटकं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. "चपटं सरळ मारतं, पण करंगळीला जागा नाही. बुटकं गाढवासारखं लाथ घालतं, पण ऐनवेळी अडकत नाही. भांडून बघ दोघांशी."

आणि लोक भांडतातच. नवे बूट घेताना करतात तसं. इथे बोचतं, तिथे सैल आहे. ही झाडायची, ती झाडायची, परत ही. चाप जड आहे म्हणून माझ्याशी वाद घालायचा, जणू तो मीच बसवलाय. वेंडेलने चपट्यातून एक गोळी झाडली आणि पिस्तूल खाली ठेवलं. समोरच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कसं वाटलं?" व्हर्नाने माइकवरून विचारलं.

"चांगलं आहे."

"करंगळीचं काय?"

"ठीक आहे, मॅडम."

"मॅडम?" व्हर्ना माइक बाजूला धरून पुटपुटली. "सातवीत याने माझ्या वेणीला डांबर फासलं होतं." तिने कॉफीचा कप खाली ठेवला.

गल्ल्याला टेकून गॅरीचं चालूच होतं. "देवमाणूस आहे हो. काल मला बिस्किट देऊन टाकलं. त्याचं कुत्रं! बायकोचं लाडकं. आत्ता माझ्या गाडीत बसलंय. म्हटलं, अरे कशाला? तर म्हणतो, तुझ्याकडे अंगण मोठं आहे."

"आणि याच्या स्वतःच्या बंदुका कुठे गेल्या?" व्हर्नाची नजर काचेवरून हलली नाही.

"मुलगी घेऊन गेली ना, टल्साला. नाताळातच. कपाट धुऊन नेलं पोरीने. म्हणून तर बिचारा म्हणाला, सोबत चल, तिथे एकट्याला देत नाहीत."

काचेपलीकडे वेंडेलने डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा काढला. आत असताना तो कुणी काढत नाही. त्याने तो घडी घालून नीट बाजूला ठेवला आणि रिव्हॉल्व्हर उचललं.

"गोळीबार बंद!"

बसभर पोरांना जागेवर बसवणारा तो आवाज. सगळ्या लेन एकदम शांत झाल्या. बंदुका खाली, माणसं मागे. वेंडेलसुद्धा. हाताने रिव्हॉल्व्हर ठेवलं, पाय रेघेमागे आले, रिकामे तळवे पुढे. त्याला विचारायला हातपाय थांबलेच नाहीत.

व्हर्ना आत गेली, रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, खिशात घातलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. दार उघडंच राहिलं होतं.

"समोर निशाणांकडे कुणी गेलंय का?" वेंडेलने विचारलं.

"नाही."

"मग ओरडलीस कशाला?"

"कुत्रं का दिलंस, वेंडेल?"

तो तिच्या बुटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याला वेळेवर खायला कोण घालणार होतं?"

"मी तर सोबत म्हणून आलो होतो," गॅरी माझ्याकडे बघून म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना. मी त्याच्याकडून नंबर घेतला आणि टल्साला वेंडेलच्या मुलीला फोन लावला.

"गॅरी," व्हर्नाने मान न वळवता हाक मारली, "गाडीतून बिस्किटला आण."

"नको!" वेंडेल म्हणाला. "त्याला नको आणू. व्हर्ना, त्याला इथे नको." आणि वादळात खांबांवर चढणारा तो माणूस रेघेच्या अलीकडे फरशीवर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. व्हर्ना त्याच्या शेजारी खाली बसली.

मुलीला यायला तास तरी लागणार होता. बाकीची माणसं भिंतीशी उभी होती. एकाने काचेतून मला खूण केली, परत सुरू कधी? मी नाही अशी मान हलवली. "चालू" म्हणायचा हक्क फक्त व्हर्नाचा, आणि ती वेंडेलचा हात धरून फरशीवर बसली होती. त्या दिवशी तिने तो शब्द उच्चारलाच नाही.