खोकल्याचं औषध

मोरजीहून येणारी आमची मासळीवाली आवाजानं आधी पोचते, पाटी मागाहून. बांगडे ताजे आहेत ना, असं मी एकदा विचारलं, तर तिनं भर रस्त्यात माझ्या टकलाचा आणि पोटाचा समाचार घेतला. तेव्हापासून ती देईल ते मी मुकाट घेतो.

तिच्या छातीत गाठ होती. ते तिनं फक्त माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला. बायकोनंच तिला आरोग्यकेंद्रात धाडलं. दुखरा गुडघा घेऊन मीही तिथं बसलो होतो.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं डॉक्टरांकडे, कंपाउंडरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. सगळे पुरुषच. पदर घट्ट ओढून ती पुटपुटली, "खोकलो." आणि पुराव्यादाखल खोकलीसुद्धा. मी माझा गुडघा चोळू लागलो.

आमच्या घरी बायको तिची वाटच पाहत होती. "सांगितलंस गे?"

"बायलमाणूस दोतोर येतली, तेन्ना सांगतलें."

"अगे, बाई डॉक्टरची जागा वर्षभर रिकामीच आहे!"

तिनं औषधाची बाटली बायकोच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "ही तुझ्या घोवाक दी. म्हाका खंय खोकलो आसा?"