वन्संचं प्रथिन

आमच्या वन्सं डब्यावरच्या चिठ्ठीवर कधी विश्वास ठेवायच्या नाहीत. लग्न होऊन मी जाफराबादला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या या नणंदबाईंनी माझी मांडणी पार उलटीपालटी केली. "वहिनी, नावावर जाऊ नका, घडण पाहा," म्हणत त्यांनी पळी, डाव आणि चमचे एका रांगेत लावले. उलथनं वेगळं काढलं, कारण त्याला खळगा नाही. मला वाटलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला असावा.

मग कळलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांचं कामच हे होतं. लघवीच्या आजारातले जंतू एका प्रथिनानं मूत्राशयाच्या भिंतीवरची साखर पकडून बसतात. त्या प्रथिनाचे दोन भाग: एकात साखर बसेल एवढा खळगा, दुसरा जंतूच्या अंगावरच्या केसाला जोडलेला. वन्संना तसंच एक नवं प्रथिन सापडलं होतं. त्याची अमिनो आम्लांची साखळी ओळखीच्या कुळाशी जुळत नव्हती, पण घडण त्याच कुळातली निघणार, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. स्फटिकही तयार झाले होते. ते क्ष-किरणांखाली धरून घडण काढायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि वन्सं पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आल्या. मी या घरात आले, तेव्हा त्या रजेला दीड वर्ष झालं होतं.

मामंजी फक्त त्यांच्याच हातून जेवायचे. वन्सं उठल्या की चांगल्या हातानं त्यांचं मनगट धरायचे, आणि सोडवायला गेलं की पकड आणखी आवळायची. "आमचं प्रथिन बी बराबर असंच," त्या हसायच्या. "लघवीच्या धारेनं ओढलं की जास्तच घट्ट धरतं." मला नाही हसू यायचं. दुपारी खिडकीशी बसून त्या पेन्सिलीनं त्या प्रथिनाची वळणं काढत, खोडत, पुन्हा काढत. ते बघून माझाच जीव गुदमरायचा.

एक दिवस त्यांच्या गाईडचा फोन आला. सोमवारपर्यंत आल्या नाहीत, तर स्फटिक दुसऱ्या मुलाकडे जाणार होते. नवरा म्हणाला, "आक्का, तूच ठरव," आणि शाळेत शिकवायला निघून गेला. मग मीच कंबर कसली. त्यांची बॅग भरली.

"मामंजींना मी भरवते. तुम्ही जा."

"खातील का वो?"

"भूक लागली की खातील."

रविवारी सकाळी त्यांना जालन्याच्या जीपमध्ये बसवलं आणि मला अगदी माझीच सुटका झाल्यासारखं वाटलं. मामंजींनी मात्र दिवसभर तोंड उघडलं नाही. मी चुचकारलं, विनवलं, शेवटी रडकुंडीला आले.

दिवेलागणीला वन्सं दारात उभ्या. बॅग हातातच होती.

"गाडी चुकली?"

"न्हाई. गाडी आल्ती. मी टेसनातल्या बाकावरच बसून राह्यले."

मी काय बोलले ते आता आठवत नाही, पण खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले, दुधात भाकरी कुस्करली आणि मामंजींच्या उशाशी बसल्या. मामंजींनी लगेच तोंड उघडलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

वन्संनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"पाह्यलं वहिनी? खाल्लं त्यांनी."