पिशवीतला धूर

मंगळवारी सकाळी नऊला प्रयोगशाळेच्या गच्चीवर खाली उभ्या एका रिक्षाचा धूर आम्ही नळीने मोठ्या पारदर्शक पिशवीत भरून उन्हात ठेवला. यंत्राने पिशवीतल्या हवेत धुराचे कण जवळजवळ दाखवलेच नाहीत.

"बघा मॅडम, माझी गाडी एकदम सोवळी," रिक्षावाले काका आमच्या संशोधक मॅडमना म्हणाले.

दुपारी दोनला त्याच बंद पिशवीत कण कितीतरी पटींनी वाढले होते. उन्हात धुरातल्या न दिसणाऱ्या वायूंचेच कण झाले होते. पिशवी तशीच स्वच्छ दिसत होती. धूर दिसेनासा झाला की तो गेला, असे आपण धरून चालतो.

"वाऱ्याने हे टेकडीपर्यंत जातं?" काकांनी विचारले. बायकोच्या दम्यासाठी त्यांनी हमरस्ता सोडून तिथे घर घेतले होते.

"जातं," मॅडम म्हणाल्या.

काकांनी घरी फोन लावला. "खिडकी लावून घे."

"अहो, तुम्हीच तर उघडी ठेवायला सांगितलीत."

काकांनी स्वच्छ दिसणाऱ्या पिशवीवर बोट टेकवले. फोन चालूच होता.